कमबॅक कुणाचा व्हावा? आमच्या बैठकीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात आमचा अकरा जणांचा ग्रुप आहे, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एकाच्या घरी गच्चीवरच्या खोलीत जमायचं, दोन टीव्ही लावायचे आणि दुपारपासून रात्री दहापर्यंत फायटिंग गेम खेळायचे. नावं कुणाचीच घेत नाही, पण माणसं कळायला पाहिजेत म्हणून ओळख करून देतो. दादा आहेत, वय पंचेचाळीसच्या आसपास, टेकन ३ हा गेम व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टोकन टाकून शिकलेले. ताई आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, स्ट्रीट फायटर ६ आल्यापासून फक्त तेच खेळते आणि आमच्यात सगळ्यात जास्त जिंकते. बारक्या दहावीतला, माझ्या मावशीचा पोरगा. आणि पैलवान, वय बावीस, बारावीपर्यंत तालमीत होता, गुडघा गेला म्हणून सुटलं. तो कुठल्याही गेममध्ये फक्त ग्रॅपलर खेळतो, म्हणजे पकडून आपटणारी कॅरेक्टर. हिशेब ठेवायचं, वर्गणी गोळा करायचं काम माझ्याकडं.

जून २०२५ मध्ये स्ट्रीट फायटर ६ मध्ये तिसऱ्या वर्षी नव्यानं घालायच्या चार कॅरेक्टरची यादी आली: सागात, क्रिमझन वायपर, अ‍ॅलेक्स आणि इन्ग्रिड. पहिल्या तिघांवर कुणी काही बोललं नाही. इन्ग्रिडवर मात्र ग्रुपवर रात्री दोनपर्यंत मेसेज चालले. बारक्यानं विचारलं ही कोण. खरंच कोण, कारण ही २००४ साली एका अशा गेममध्ये आलेली जो स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कॅपकॉमच्या चाहत्यांनाही फारसा आवडला नव्हता, मग पीएसपी ह्या हातातल्या कन्सोलवरच्या स्ट्रीट फायटर अल्फा ३ मध्ये दिसली, आणि मग जवळजवळ वीस वर्षं मोठ्या फायटिंग गेममध्ये खेळायला मिळालीच नाही. तिला आणताय मग आमच्या अमक्याला का नाही, असं प्रत्येकाचं सुरू झालं.

हे प्रकरण त्या भांडणाचं आहे. लिहून काढायचं कारण एवढंच की अडीच महिन्यात आमचं उत्तर तीनदा बदललं आणि प्रत्येक वेळी बदलायला ठोस कारण होतं.

अडचण काय होती

वरवर बघितलं तर अडचण साधी, विसरलेल्या कॅरेक्टरपैकी कमबॅक कुणाला द्यावा यावर एकमत होईना. पण त्याच्या आत दुसरी होती. वर्षभरात बैठकीला येणारी माणसं अकरावरनं पाचवर आली होती. जे येत होते ते त्याच तीन-चार कॅरेक्टरनी खेळत होते, प्रत्येक मॅचचा पहिला अर्धा मिनिट कसा जाणार हे बघणाऱ्याला आधीच ठाऊक. दादा दोनदा आलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, "येऊन काय करू, मला त्यातलं एकबी ओळखीचं नाही आणि तुम्हाला माझं."

हे वाक्य मला लागलं. कारण दादांच्या हातात जे आहे ते आमच्यात कुणाच्याच हातात नाही, आणि ते वापरायला आता जागाच उरलेली नाही. कॅरेक्टर गेलं की त्याच्याबरोबर दहा-दहा वर्षं घासून कमावलेला हातही जातो. बाहेरच्याला हे पोरखेळ वाटेल, वाटू दे, पण ज्यानं एखादं कॅरेक्टर मनापासून खेळलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

म्हणून ठरलं की कमबॅकचा वाद बैठकीतच सोडवायचा, खेळून.

पर्याय

पहिला पर्याय ग्रुपवर पोल टाकायचा. पाच मिनिटांचं काम. ताईचा ह्याला विरोध होता, तिचं म्हणणं असं की पोलमध्ये माणूस कॅरेक्टरला मत देत नाही, स्वतःच्या शाळेच्या सुट्टीला मत देतो.

दुसरा पर्याय, प्रत्येकानं एक कॅरेक्टर घेऊन त्याची बाजू मांडायची, व्हिडिओ दाखवायचे. हा मला आवडला होता, आता वाटतं तेव्हा मी चुकलो होतो, कारण मग जो चांगला बोलतो तो जिंकणार.

तिसरा, खरोखर जुने गेम जमवायचे आणि त्या कॅरेक्टरनी खेळून बघायचं. ह्यात खर्च होता आणि झंझट होती. पण हाच घेतला.

खेळायला काय काय मिळू शकतं ह्यावरनं यादी ठरली, हे मी मोकळेपणानं सांगतो. ताईला डार्कस्टॉकर्समधला डोनोवन पाहिजे होता, एकाला रायव्हल स्कूल्समधलं कुणीतरी, ते पैशापायी राहिले. शेवटी चार नावं उरली.

मोकुजिन, टेकन ३ मधला लाकडाचा बाहुला. सरावासाठी वापरतात तसला लाकडी माणूस, आणि त्याचा स्वतःचा एकही डाव नाही. दर राउंडला तो दुसऱ्याच कुणाचीतरी पद्धत घेऊन उभा राहतो. दादांचा उमेदवार. टेकन ७ मध्येही नव्हता आणि ८ मध्येही नाही.

क्यू, स्ट्रीट फायटर ३ च्या १९९९ च्या थर्ड स्ट्राइकमधला. लांब कोट, हॅट, तोंडावर धातूचा मुखवटा, कोण आहे काय आहे कुठंच सांगितलेलं नाही. हा माझा.

टाका-अराशी, व्हर्च्युआ फायटर ३ मधला सुमो. १९९६ ला आला, चौथ्या भागात गायब, पाचव्यातही नव्हता, मग २००८ ला पाचव्याच्या आर आवृत्तीत परत आला. म्हणजे हा कमबॅक झालेलाच माणूस. परतलेलं कॅरेक्टर कसं असतं ते बघायला म्हणून ठेवला.

आणि दारुण मिस्टर. हे नाव पैलवानानं टाकलं. बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकलं. १९९६ च्या स्ट्रीट फायटर ईएक्समधला भारतीय कुस्तीगीर, पुलुम पुर्ना नावाच्या मुलीचा अंगरक्षक. आपल्याकडं दारुण म्हटलं की पुढं पराभवच येतो, पेपरात दर क्रिकेट सिरीजनंतर तेच छापतात, त्यामुळं नाव वाचून पहिल्यांदा सगळे गोंधळलेच.

काय केलं

पहिला रविवार, आणि तो फसला

माणशी दोनशे वर्गणी काढली. थर्ड स्ट्राइक स्ट्रीट फायटरच्या तिसाव्या वाढदिवसाच्या कलेक्शनमध्ये आहे, ते सेलमध्ये घेतलं. व्हर्च्युआ फायटर पाचची नवी आवृत्ती एकाच्या पीसीवर होती. दारुण खेळायला फायटिंग ईएक्स लेयर घेतला. आणि दादांनी माळ्यावरनं पहिला प्लेस्टेशन काढून आणला, कापडात गुंडाळलेला, सोबत राखाडी मेमरी कार्ड. मोकुजिन सुरुवातीला उघडा नसतो, पण दादांच्या त्या कार्डात सगळी कॅरेक्टर उघडलेला सेव्ह होता आणि तो लोडही झाला. खोलीत टाळ्या पडल्या.

नियम असा केला की प्रत्येक कॅरेक्टरवर एक तास, मग मत.

आठ जण आले होते. मोकुजिनच्या तासात दादांनी सगळ्यांना हाणलं. राउंड सुरू व्हायच्या आधी तो बाहुला उभा कसा राहतो त्यावरनं त्यांना कळायचं आज अंगात कोण आलंय. डुलायला लागला की एडी, पाय उचलून उड्या मारायला लागला की ह्वोरांग. आम्हाला कळेपर्यंत जिवाची अर्धी पट्टी गेलेली असायची. बारक्या अकरा मॅच हरला, बाराव्याला कंट्रोलर ठेवून खाली गेला तो परत वर आलाच नाही, मावशीचा फोन आला की पोरगं गप्प गप्प का आहे.

क्यूच्या तासात माझंही तेच झालं. मी वीस एक वर्षं तो गेम खेळतोय, बाकीचे पहिल्यांदा. मी जिंकलो आणि मला वाटलं बघा क्यू किती भारी आहे.

मतं मोजली तर ज्याचं त्यानं आपल्यालाच दिलेलं. दारुणला पैलवान धरून तीन मतं पडली, आणि बाकीच्या दोघांना का दिलं विचारलं तर एकानं सांगितलं, "आपला आहे ना."

इथं आमचा पहिला निर्णयाचा टप्पा आला. दादांचं म्हणणं, झालं की, बहुमत काय ते लावा आणि संपवा. ताई म्हणाली आज काहीही सिद्ध झालेलं नाही, फक्त कोण किती वर्षं खेळलंय एवढं दिसलं. अर्धा तास आवाज चढले. शेवटी पैलवानानं मिटवलं. तो म्हणाला मत रद्द करा, माझंही करा, आपला आहे म्हणून कुणाला गदा देत नाहीत.

पद्धत बदलली

पुढच्या बैठकीपर्यंत चार आठवडे होते. ताईनं तीन बदल सुचवले आणि तेच धरले.

एक, ज्यानं नाव सुचवलं त्यानं ते कॅरेक्टर खेळायचं नाही, समोर बसून शिकवायचं. दोन, चार आठवडे प्रत्येकानं एकच कॅरेक्टर घ्यायचं आणि घरी किंवा एकमेकांच्या घरी जाऊन शिकायचं. तीन, शेवटी जिंकलं कोण ते बघायचं नाही, एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: हे कॅरेक्टर समोर आलं की मला असं काय करावं लागतं जे आजच्या कुठल्याच कॅरेक्टरसमोर करावं लागत नाही?

हा तिसरा मुद्दा ह्या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे असं मला वाटतं. आधी आम्ही विचारत होतो कुणाची आठवण येते. आता विचारत होतो कुणाचं काम अर्धवट राहिलंय.

बारक्याला परत आणायला मी दोनदा मावशीकडं गेलो. त्याला मोकुजिन दिला आणि दादांना सांगितलं शिकवा. दादा म्हणाले, "बस भावा, आधी हात लावायचा नाही, नुसतं बघायचं." दोन संध्याकाळी त्यांनी त्याला कंट्रोलर दिलाच नाही, फक्त राउंड सुरू करायचा, उभं राहणं बघायचं, नाव सांगायचं, बंद करायचं. तिसऱ्या संध्याकाळी बारक्या बघताक्षणी नाव सांगायला लागला.

दुसरा रविवार

नऊ जण आले, दादा सगळ्यात आधी.

क्यूचं आधी सांगतो कारण तिथं माझं मत बदललं. क्यू जड आहे, मंद आहे, थर्ड स्ट्राइकच्या क्रमवारीत जवळजवळ तळाला. ज्या गेमची सगळ्यात प्रसिद्ध मॅच म्हणजे २००४ च्या इव्हो ह्या मोठ्या स्पर्धेतली डायगोची केन आणि जस्टिन वाँगची चुन-ली, त्याच गेमच्या तळघरात हा उभा आहे. त्याचं वैशिष्ट्य असं की त्यानं चिडवायची ॲक्शन पूर्ण केली की त्याचं अंग घट्ट होतं, मार कमी लागतो, आणि असं तीनदा करता येतं. म्हणजे समोरच्याला सारखं ठरवावं लागतं की ह्याला चिडवू द्यायचं की धावून जायचं. मॅचच्या मध्यावर, मार खात असताना, थांबून हातवारे करायची हिंमत. मला हे फार आवडतं, अजूनही.

पण ताईनं चार आठवडे क्यू खेळून शांतपणे सांगितलं की हे काम 'जी' नावाचं कॅरेक्टर करून गेलं. स्ट्रीट फायटर ५ मध्ये २०१८ ला आलेला जी, स्वतःला जगाचा राष्ट्राध्यक्ष म्हणवणारा, तोही मध्येच थांबून पोज घेऊन स्वतःची लेव्हल वाढवतो आणि समोरच्याला तोच प्रश्न विचारतो. क्यू आणि जी एकच आहेत का ह्यावर चाहते किती वर्षं वाद घालताहेत ते सोडा, खेळाच्या दृष्टीनं क्यूचा प्रश्न पुढं नेला गेलाय. मला पटायला वेळ लागला. रात्री घरी जाऊन जीच्या मॅच परत बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं की माझा उमेदवार मागं घेतो.

टाका-अराशीवर फार वेळ गेला नाही. त्यातनं एकच गोष्ट घेतली, पण महत्त्वाची. तो इतका जड आहे की बाकीच्यांवर चालणारे हवेतले कॉम्बो, म्हणजे सलग मारायचे फटके, त्याच्यावर तसेच चालत नाहीत, पाठ केलेलं सगळं बाजूला ठेवून परत शिकावं लागतं. म्हणजे एक माणूस यादीत घातला की बाकी प्रत्येक कॅरेक्टरचा अभ्यासक्रम बदलतो. कमबॅकची ही खरी किंमत असते आणि ती बनवणाऱ्यांनाही पडते आणि खेळणाऱ्यांनाही. आम्ही पोल टाकून "ह्याला आणा" म्हणत होतो तेव्हा हे डोक्यातच नव्हतं.

मोकुजिनला मात्र सगळ्यांनी मान्य केलं. बारक्यानं पाचपैकी दोन मॅच काढल्या आणि दुसरी काढताना तो बोलत होता, "पॉल आहे, पॉल आहे, दादा पॉल आहे", आणि तसाच खेळला. हा प्रश्न आज कुणी विचारत नाही. आजच्या गेममध्ये समोरचं कॅरेक्टर निवडतानाच कळतं, तिथंच अर्धी मॅच ठरते. मोकुजिनमध्ये राउंड सुरू झाल्यावर माणूस ओळखावा लागतो, दोघांनाही.

अडचण आहेच. टेकन ८ सुरू झाला तेव्हाच बत्तीस कॅरेक्टर होती आणि प्रत्येकाची डावांची यादी पानंच्या पानं. मोकुजिन खेळणाऱ्याला ते सगळं यायला पाहिजे. दादा म्हणाले आम्हाला यायचं की, पण तेव्हा कॅरेक्टर कमी होती, डाव कमी होते आणि दादांकडं अख्खी दुपार होती. बारक्यानं ह्यावर उपाय सांगितला जो मला पटला: मोकुजिननं सगळ्यांचं घेऊ नये, मॅचच्या आधी खेळणाऱ्यानं पाच माणसं निवडावीत, त्यातलाच एक येईल. समोरच्याला पाच माहीत, कुठला ते नाही.

दारुण, आणि जे कुणी ठरवलं नव्हतं

दारुणची गोष्ट थोडी मागनं सांगावी लागेल. ईएक्स मालिका बनवली अरिकानं, जी अकिरा निशितानींनी कॅपकॉम सोडून काढलेली कंपनी, स्ट्रीट फायटर २ च्या मागं असलेल्या माणसांपैकी ते एक. ईएक्ससाठी अरिकानं बनवलेल्या कॅरेक्टरचे हक्क अरिकाकडं राहिले, म्हणून दारुण, स्कलोमानिया, हे लोक पुढच्या कुठल्याच मुख्य स्ट्रीट फायटरमध्ये दिसले नाहीत. २०१७ च्या एक एप्रिलला अरिकानं ह्या जुन्या मंडळींचा एक व्हिडिओ गंमत म्हणून टाकला. लोकांनी ती गंमत मानायला नकार दिला, इतकी मागणी झाली की जून २०१८ मध्ये फायटिंग ईएक्स लेयर हा पूर्ण गेमच आला. त्यात दारुण होता.

म्हणजे दारुणचाही कमबॅक झालाय. फक्त तो गेम खेळला फार थोड्यांनी. आमच्यातल्या अकरापैकी दहा जणांना माहीतच नव्हतं, आणि आम्ही हे सगळं रोज बघणारी माणसं.

चार आठवडे तो मी खेळलो होतो. माझं प्रामाणिक उत्तर असं होतं की नाही, तो वेगळं काही विचारत नाही. जवळ जायचं, स्टिक गोल फिरवायची, पकडायचं, आपटायचं. डावांची नावं इंद्र ब्रिज, गँजेस डीडीटी अशी आहेत, पण हे काम स्ट्रीट फायटरमधला रशियन पैलवान झँगीफ १९९१ पासून करतोय आणि आज जास्त चांगलं करतोय. नावात गंगा आहे म्हणून हात बदलत नाही. मला वाटलं पैलवान चिडेल.

तो चिडला नाही. म्हणाला, "बरोबर हाय. तो कुस्ती खेळतच न्हाई." मग त्यानं एकाला उभं केलं आणि गादी बाजूला सारून खोलीच्या मधोमध खडाखडी दाखवली.

ज्यांनी मैदानावर कुस्ती बघितली असेल त्यांना माहीत आहे, सलामी झाली की लगेच कुणी कुणाला उचलत नाही. दोघं कपाळाला कपाळ लावून उभे राहतात. पैलवानानं समोरच्याच्या मानेमागं डावा पंजा टाकला, उजव्यानं त्याचं मनगट धरलं, समोरच्यानं मनगट सोडवून आतनं दंड धरला, ह्यानं मान खाली दाबली, तो एक पाऊल मागं गेला, ह्यानं ते पाऊल बघितलं. बाहेरनं बघणाऱ्याला वाटतं काहीच होत नाही, दोघं नुसते एकमेकांना ढकलताहेत. पैलवान धापा टाकत बोलत होता, "आत्ता त्येचा जोर उजव्या पायावर हाय. आत्ता सोडला. आत्ता मी एकेरी पट मारू शकतो पर मारणार न्हाई, कारण त्येला तेच पाहिजे." आणि मग कधी फिरला ते आम्हाला दिसलंच नाही, ढाक हा डाव लागला आणि तो पोरगा गादीवर पाठीवर होता. पैलवानानं त्याचं डोकं हातावर घेतलं होतं.

खोली गप्प झाली. ताईनं मग जे बोललं ते लिहून ठेवलंय. गेममध्ये थ्रो, म्हणजे पकडून आपटणं, हा एक क्षण असतो. स्ट्रीट फायटर ६ मध्ये साधा थ्रो पाचव्या फ्रेमला लागतो, सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे डोळ्याची पापणी पडेपर्यंत संपलं. सुटलास तर सुटलास. हातात हात असताना, सुटलेलंही नाही आणि पडलेलंही नाही, अशी अवस्था जिथं दोघंही एकाच वेळी खेळताहेत, त्यावर उभं असलेलं कॅरेक्टर तिच्या तरी बघण्यात नाही.

दारुण तसाच्या तसा परत यावा असं कुणाचंच म्हणणं उरलं नाही. पण कुस्तीगीर म्हणून उभा केलेला हा भारतीय मल्ल, त्याला खडाखडी दिली तर तो असा प्रश्न विचारेल जो आजवर कुणी विचारलेला नाही. त्याचं काम अर्धवट राहिलंय म्हणणंही कमीच, ते सुरूच झालेलं नाही. आणि हेही मनापासून लिहितो, भारताचा चेहरा म्हणून जगाला स्ट्रीट फायटरमधला धालसिम माहीत आहे, गळ्यात कवट्या घालून तोंडातनं आग काढणारा योगी. धालसिमवर माझं प्रेम आहे. पण असा माणूस मी कधी बघितला नाही. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मळणारी पोरं मी रोज बघतो. खासबाग मैदान १९१२ पासून उभं आहे आमच्या गावात.

असा बदल करून परत आणणं अशक्य आहे असं नाही. मॉर्टल कॉम्बॅट १ मध्ये २०२३ ला अ‍ॅशरा आली, ती त्याआधी २००६ च्या आर्मागेडनमध्ये साठाहून जास्त कॅरेक्टरच्या गर्दीत हरवली होती. नव्यानं घडवून आणली तेव्हा लोकांनी तिला पहिल्यांदा नीट बघितलं.

निकाल

मतदान पुन्हा घेतलं. दारुण, पण खडाखडीसकट, पाच. मोकुजिन, बारक्याच्या पाच माणसांच्या नियमासकट, चार. दादांनी दारुणला मत दिलं, पैलवानानं मोकुजिनला. कुणाचंच स्वतःच्या उमेदवाराला नव्हतं असं नाही म्हणत, पण पहिल्या रविवारसारखं तर नव्हतंच.

बैठकीला आता आठ-नऊ जण येतात. दर वेळी पहिला दीड तास एका जुन्या कॅरेक्टरचा, आणि तो शिकवायचा मान ज्याला येतं त्याचा. दादा चुकवत नाहीत. दोघं जण मात्र कायमचे गेले, त्यातला एक पहिल्या रविवारी जो वाद झाला त्यामुळं, त्याला दोनदा फोन केला पण तो परत आला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला रविवार तसा ठेवायचाच नाही. ज्याला येतं त्याच्यासमोर ज्याला येत नाही त्याला बसवलं आणि वर त्यालाच मत विचारलं, ही माझी चूक, नियम मी लिहिले होते. बारक्या अकरा मॅच हरेपर्यंत मी थांबवायला पाहिजे होतं, तिसऱ्या हारीलाच दिसत होतं.

यादी पैशावरनं ठरवायला नको होती. डोनोवन आणि रायव्हल स्कूल्सवाले खेळून न बघताच बाद झाले, दोन्ही आता कलेक्शनमध्ये मिळतात, वर्गणी थोडी वाढवली असती तर जमलं असतं. रायव्हल स्कूल्सची अकिरा २०२१ ला स्ट्रीट फायटर ५ मध्ये येऊन गेली, तिच्यावर बोलणं व्हायलाच पाहिजे होतं.

फायटिंग ईएक्स लेयरमध्ये गौगी नावाचे पाच-पाच शक्तींचे डेक असतात, सामन्यात ठरावीक अटी पूर्ण झाल्या की एकेक उघडते. आम्ही सगळ्यांना एकच डेक दिला, सोपं पडावं म्हणून. त्यामुळं दारुण पूर्ण दिसलाच नसेल अशी शंका मला आहे, आणि माझं "वेगळं काही विचारत नाही" हे मत थोडं घाईचं होतं का, हे परत खेळून बघणार आहे.

आणि खडाखडी अपघातानं घडली. पैलवानाला आधीच विचारायला हवं होतं की तुला हे कॅरेक्टर का पाहिजे. दोन महिने तो एकच वाक्य बोलत होता, कुस्तीवाला पाहिजे, आणि आम्ही ते आपलेपणा समजून सोडून देत होतो.

मागच्या आठवड्यात तो जुन्या तालमीत जाऊन आला, वस्तादांना विचारून दोन पोरांची कुस्ती फोनवर शूट करून आणली, साठ फ्रेमच्या सेटिंगला. आम्ही ती टीव्हीवर लावून एकेक फ्रेम पुढं सरकवत मोजली. मानेवर पहिला हात पडल्यापासून ढाक लागेपर्यंत एकोणीस सेकंद, म्हणजे ११४० फ्रेम. पैलवान वहीत लिहितोय, कुठल्या फ्रेमला कुणाचा जोर कुठल्या पायावर होता. आत्तापर्यंत तीनशे झालेत.